शेणकिड्याचा शोक

फिनलंडच्या एखाद्या हयात संगीतकाराची रचना ऐकून झाली की रसिकांच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं ते बर्फाबद्दल. दुसरं जंगलाबद्दल. तिसरं सिबेलियसबद्दल. चौथं सहसा निघत नाही, कारण तिसऱ्यापर्यंत आपण पुरेसे जाणकार ठरलेलो असतो आणि चौथ्याला पितळ उघडं पडायची धास्ती असते. समीक्षकही याच वाटेने जातात, फक्त शब्द जरा वजनदार वापरतात. बर्फाला ते ‘गोठलेला अवकाश’ म्हणतात, जंगलाला ‘आदिम शांतता’ म्हणतात आणि सिबेलियसची ‘छाया’ काढतात. गंमत म्हणजे ही सवलत इतर देशांना मिळत नाही. इटलीच्या संगीतकाराच्या रचनेत कुणाला ऑलिव्हच्या बागा ऐकू येत नाहीत. बेल्जियमच्या सिंफनीत कुणी पाऊस शोधत नाही, आणि बेल्जियममध्ये पाऊस काही कमी पडत नाही. फिनलंडच्या माणसाने मात्र व्हायोलिनं वरच्या पट्टीत चार-दोन आवर्तनं नुसती धरून ठेवली, की कुठलं तरी सरोवर गोठलंच म्हणून समजा.

या सवयीचं कारण उघड आहे. नवं संगीत ऐकण्यापेक्षा त्यावर बोलणं कितीतरी अवघड असतं. ऐकताना निदान डोळे मिटता येतात. बोलताना समोरचा आपल्याकडेच पाहत असतो. अशा वेळी ‘वेगळंच आहे’ हे वाक्य कामाला येतं. ‘प्रयोग म्हणून चांगलं आहे’ हे त्याहून उपयोगी, कारण नातेवाइकांच्या नाटकांवर ते आपण वर्षानुवर्षं पारखून घेतलेलं आहे. आणि ‘पुन्हा पुन्हा ऐकायला हवं’ याला तर तोडच नाही: त्यात संगीताचा अपमान नाही, आपला नाही, आणि पुन्हा कधी ऐकणार ते सांगण्याची सक्तीही नाही. पण या सगळ्या वाक्यांत एक खोट आहे. ती ऐकण्याआधीही बोलता येतात. बर्फाचं तर विशेषच, तो नुसता नकाशा पाहूनही सांगता येतो. माझं म्हणणं एवढंच, की निदान एका फिनिश संगीतकारापुरता हा नकाशा गुंडाळून ठेवला, तर ऐकायला आणि बोलायला भरपूर काही सापडतं. आणि जे सापडतं ते निसर्गाबद्दल नसून नोकरदार माणसांबद्दल असतं.

हे संगीतकार म्हणजे कालेवी आहो. (नावावरून सुचणारा विनोद मराठी वाचकांनी आपापल्या घरी उरकून घ्यावा.) जन्म १९४९चा, फोर्सा गावचा. शिक्षण हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत आयनोयुहानी राउतावारा यांच्याकडे आणि नंतर काही काळ बर्लिनमध्ये बोरिस ब्लाखर यांच्याकडे. पहिली सिंफनी १९६९ची, म्हणजे ऐन विशीतली. मग विद्यापीठात अध्यापन, पुढे सिबेलियस अकादमीत प्राध्यापकी, आणि १९९३ साली नोकरीला रामराम ठोकून पूर्णवेळ संगीतरचना. त्याच्या वर्षभर आधी त्यांचा लाहती या शहराच्या वाद्यवृंदाशी करार झाला आणि ते तिथले घरचे संगीतकार झाले. लाहती हेलसिंकीच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर आहे आणि त्याची ख्याती खरं तर स्की घालून मारायच्या उंच उड्यांसाठी. अख्ख्या फिनलंडची लोकसंख्या साधारण ५५ लाख. २०११च्या जनगणनेत एकट्या पुणे जिल्ह्यात ९४ लाख माणसं होती. त्या ५५ लाखांतल्या या एका मध्यम शहराने स्वतःचा पगारी वाद्यवृंद पोसला, २००० साली त्याच्यासाठी लाकडी सभागृह उभारलं, आणि ओस्मो व्हॅन्स्का या संचालकाच्या हाताखाली आहोंच्या सिंफन्या एकामागून एक वाजवून स्वीडनच्या बीआयएस कंपनीमार्फत जगभर पाठवल्या. यातला ‘पगारी’ हा शब्द लक्षात ठेवावा. पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

सिबेलियसच्या छायेचा प्रश्न आधी निकालात काढू, कारण तो सोपा आहे. सिबेलियसने सात सिंफन्या लिहिल्या, १९२०च्या दशकाच्या अखेरीस हात आखडता घेतला, आठवीची हस्तलिखितं पुढे घरातच जाळून टाकली, आणि १९५७ साली वारला तोवर सुमारे तीस वर्षं मोठं म्हणावं असं काही बाहेर येऊ दिलं नाही. आहोंच्या क्रमांक घातलेल्या सिंफन्या किमान सतरा. त्यांचेच समकालीन लेफ सेगरस्टाम २०२४ साली वारले तेव्हा त्यांच्या नावावर ३७१ सिंफन्या होत्या, आणि त्यातल्या पुष्कळशा संचालकाशिवाय वाजवण्यासाठी लिहिलेल्या. गृहस्थ स्वतः जन्मभर संचालक होते. आपल्याच धंद्याच्या पोटावर इतक्या चिकाटीने पाय देणारा दुसरा माणूस सापडणं कठीण. या तिघांची सरासरी काढली तर माणशी १३१ सिंफन्या आणि वर थोडी चिल्लर उरते. कमी लिहिण्यात सिबेलियसची छाया पडलेली नाही, एवढं तर या हिशेबातूनच सिद्ध होतं. उरला सुरांचा प्रश्न. तर सिबेलियसच्या सातही सिंफन्यांच्या वाद्ययादीत कॉन्ट्राबसून नाही. ट्यूबा पहिल्या दोन सिंफन्यांत आहे, तिसरीपासून तिलाही नारळ मिळाला. आहोंनी या दोन्ही वाद्यांसाठी स्वतंत्र कॉन्चेर्टो (म्हणजे एका वाद्याला पुढे बसवून वाद्यवृंदाने साथ करायच्या रचना) लिहिले, आणि दोन्ही मिळून एक आख्खी सीडी निघाली. सिबेलियसने ज्या माणसांना आत घेतलं नाही किंवा घरी पाठवलं, त्यांनाच बोलावून या माणसाने पुढच्या खुर्चीत बसवलं. याला छाया म्हणायचं असेल तर म्हणावं.

कॉन्ट्राबसून म्हणजे काय चीज आहे हे जरा जवळून पाहायला हवं. पाच मीटरच्या आसपास लांबीची नळी, दुमडत दुमडत माणसाला धरता येईल इतकी आटोपशीर केलेली, आणि तोंडाशी वेताच्या दोन पातळ पट्ट्या बांधलेली जिव्हाळी. सगळ्यांत खालचा सूर सेकंदाला साधारण २९ कंपनांचा. माणसाचा कान विसाच्या आसपास हात टेकतो, त्यामुळे या तळाला सूर असा ऐकूच येत नाही, सुटेसुटे ठोके येतात. जिव्हाळी फडफडते ती जवळजवळ मोजता येते. श्रोत्याला तो सूर आधी खुर्चीत जाणवतो आणि कानाला मागाहून निरोप पोचतो. वाद्यवृंदात हे वाद्य वाजवणारा माणूस मागच्या रांगेत बसतो, बराच वेळ रिकामे ठेके मोजतो, आणि त्याची पाळी आली की बहुधा बाकी सगळे मोठ्याने वाजवत असतात. त्याला एकट्याला वाव मिळाल्याची प्रसिद्ध उदाहरणं कोणती? द्युकाच्या ‘जादूगाराचा शिकाऊ’मध्ये कुऱ्हाडीचा घाव बसलेला झाडू पुन्हा हालचाल करू लागतो, तेव्हा. आणि राव्हेलच्या ‘मदर गूज’मध्ये राक्षसी रूपाचा शापित राजपुत्र बोलू लागतो, तेव्हा. म्हणजे एकदा झाडू, एकदा जनावर. वॉशिंग्टनच्या नॅशनल सिंफनी वाद्यवृंदातले कॉन्ट्राबसूनवादक लुईस लिपनिक यांच्यासाठी आहोंनी २००४-०५मध्ये पूर्ण लांबीचा कॉन्चेर्टो लिहिला, आणि त्यात या वाद्याला माणसाची भूमिका मिळाली.

यातली खरी चतुराई अशी, की आहो त्या वाद्याची टर उडवत नाहीत. मोह किती मोठा असेल! एवढी अगडबंब वस्तू, एवढा बेढब आवाज, दोन मिनिटांत सभागृह हसवता आलं असतं. त्याऐवजी ते त्याला गायला लावतात, धावायला लावतात, वरच्या पट्टीत चढायला लावतात आणि मधूनच बाकीच्यांना गप्प बसवतात. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर सुरुवातीला जे हसू असतं ते सातव्या-आठव्या मिनिटाला ओशाळं होतं. आपल्याकडच्या मैफलीत साथीला बसलेल्या पेटीवाल्याला बुवा खुशीत येऊन ‘हं, घ्या तुम्ही’ म्हणतात, तो दोन आवर्तनं घेतो आणि पुन्हा बुवांच्या मागे जातो. तेवढ्या दोन आवर्तनांवर तो बिचारा रात्र काढतो. आहोंचे कॉन्चेर्टो म्हणजे बुवांनी ‘घ्या तुम्ही’ म्हटलं आणि स्वतः घरी निघून गेले, असा प्रकार आहे. जाता जाता सांगायला हरकत नाही, की पेटीच्या कुळातल्या अकॉर्डियनलाही त्यांनी सोडलेलं नाही. धातूच्या मोकळ्या पट्ट्यांवर हवा फुंकून सूर काढायची युक्ती दोघांची एकच. नाचाच्या अड्ड्यावरून उचलून त्यांनी अकॉर्डियनला सोनाटांच्या पंगतीला बसवलं, आणि फिनलंडमध्ये त्याचं कुणाला फारसं नवल वाटलं नाही.

इथे पहिला आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. हा संगीतकार स्वतःच आपल्या रचनांना ऋतूंची आणि डोंगरांची नावं देतो, मग श्रोत्यांनी बर्फाबद्दल बोललं तर बिघडलं कुठे? २०११ सालच्या एका कॉन्चेर्टोचं नावच ‘आठ ऋतू’ आहे. लॅपलंडमधले सामी लोक वर्षाचे आठ ऋतू मानतात. (आपल्याकडे सहा पंचांगात आणि तीन अंगावर.) त्या आठ ऋतूंचा फेरा सुगीपासून सुरू होऊन काळोखातून, कडाक्याच्या थंडीतून, वितळत्या बर्फातून मध्यरात्रीच्या सूर्यापर्यंत जातो. यात बर्फ नाही असं म्हणणं खोटेपणाचं होईल. पण हा कॉन्चेर्टो थेरमिनसाठी आहे, आणि बर्फवाले नेमकं तेवढंच सांगायचं विसरतात. थेरमिन हे १९२०च्या सुमारास रशियात लेव तेरमेन यांनी शोधून काढलेलं विजेचं वाद्य. त्याला हात लावायचा नसतो. एक उभी दांडी, एक आडवी कडी. उजवा हात दांडीजवळ नेला की सूर चढतो, लांब नेला की उतरतो. डावा हात कडीजवळ नेला की आवाज दबतो, उचलला की मोकळा होतो. पडदे नाहीत, तारा नाहीत, पट्ट्या नाहीत. हवेत षड्ज कुठे आहे याची खूण नाही. वादकाने मान वळवली, पाऊल सरकवलं तरी सुराला धक्का लागू शकतो. संचालक उत्साहाच्या भरात फार जवळ आला तर तोही नकळत वाजवू लागेल. जगात हे एकच वाद्य असं असावं ज्याच्याशी सलगी करणं हाच बेसूरपणा.

हा कॉन्चेर्टो जर्मन वादक कॅरोलिना आयक यांच्यासाठी लिहिला गेला. लहानपणापासून त्या हे वाद्य वाजवत आल्या आहेत, आणि हवेतल्या अदृश्य सप्तकासाठी बोटं मिटण्या-उघडण्याच्या ठरावीक जागा असलेली स्वतःची पद्धत त्यांनी बसवली आहे. आता ध्वनिमुद्रण लावा आणि प्रामाणिकपणे सांगा, ऐकताना जीव कशात अडकतो? शीर्षकात लिहिलेल्या कडाक्याच्या थंडीत? छे. जीव अडकतो त्या हातात. एक बाई स्तब्ध उभ्या आहेत, धरायला काही नाही, टेकायला काही नाही, आणि मुलूखभर पसरलेल्या सुरांतून नेमका एकच त्यांना हवेतून वेचायचा आहे. आधाराला लॅपलंडचा एक लहान वाद्यवृंद आहे आणि तोही दबकत वाजवतोय. ही एका माणसाच्या कामाची गोष्ट आहे. ऋतूंची नावं त्या कामाचं वेळापत्रक आहेत, आणि वेळापत्रकाबद्दल बोलून गाडीचा प्रवास झाला असं कुणी म्हणत नाही. हॉलिवुडने १९४०-५०च्या दशकांत या वाद्याला मनोविकार आणि उडत्या तबकड्या यांच्या नोकरीला लावलं होतं. त्याची त्यातून सुटका झाली, आणि पुन्हा त्याला आपण हवामान खात्यात भरती करायचं, हा अन्याय आहे.

दुसरं उदाहरण तर विरोधी पक्षाचं हुकमी पान: बारावी सिंफनी, नाव ‘लुओस्तो’. लुओस्तो हा लॅपलंडमधला, आर्क्टिक वर्तुळाच्या उत्तरेचा डोंगर. ऑगस्ट २००३मध्ये ही सिंफनी त्याच डोंगराच्या उतारावर, उघड्या आभाळाखाली झाली. लाहतीचा वाद्यवृंद, लॅपलंडचा चेंबर वाद्यवृंद, वर दोन गायक, आणि संचालनाला यॉन स्टोरगॉर्ड्स. वादक श्रोत्यांभोवती, उतारावर विखुरलेले. भागांची नावं शामान, हिवाळ्यातला काळोख, डोंगरातलं वादळ अशी. निसर्गप्रेमींना यापेक्षा जास्त काय हवं? पण आता थोडा हिशेब करू. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. शंभर मीटरवरच्या तुतारीवाल्याचा सूर श्रोत्याकडे पोचायला सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा लागतो, आणि द्रुत लयीत तेवढ्यात मात्रा सरून जाते. म्हणजे डोंगरावर सिंफनी लिहिणाऱ्याला काळोख आणि वादळ यांच्याआधी कोण कुठे उभा राहणार, त्याला कोण दिसणार, कुणाचा सूर कुणानंतर पोचणार हे ठरवावं लागतं. जिथे लय घट्ट हवी तिथे माणसं जवळजवळ हवीत. जी लांब आहेत त्यांना असं काही द्यायला हवं, की ते थोडं मागेपुढे झालं तरी अर्थ बिघडणार नाही. निसर्गाने या कामी कसलंही सहकार्य केलेलं नाही, फक्त अंतर पुरवलं. आहोंच्या सगळ्यांत निसर्गमय सिंफनीतही मूळ काम नेमणुका आणि जागावाटपाचंच आहे.

निसर्गाबद्दल खरोखरच बोलायचं असेल तर त्यांच्या गुरूकडे जावं. राउतावारांनी १९७२ साली औलू विद्यापीठाच्या पहिल्यावहिल्या डॉक्टरेट-प्रदान समारंभासाठी ‘कांतुस आर्क्तिकुस’ लिहिलं. त्यात दलदलीतल्या पक्ष्यांचे प्रत्यक्ष मुद्रित आवाज वाद्यवृंदाबरोबर वाजतात आणि शेवटी हंसांचा थवा येतो. पदवीदान समारंभात पाहुण्यांच्या भाषणाऐवजी हंस बोलवावेत ही कल्पना आपल्याकडच्या विद्यापीठांनी विचारात घ्यावी अशी आहे. तिथे बर्फ, दलदल, आभाळ काहीही म्हणा, बरोबरच ठरेल. पण तिथेही राउतावारांनी एका चंडोलाचं गाणं दोन सप्तकं खाली उतरवून घेतलं. पक्षी झाला म्हणून काय झालं, वाद्यवृंदात आला की पट्टी बदलावी लागते.

शिष्याकडे पक्षी नाहीत, किडे आहेत. सातवी सिंफनी, १९८८, नाव ‘कीटक-सिंफनी’. तिची कथा आहोंच्या सगळ्या कारभाराचा नमुना आहे. चापेक बंधूंच्या १९२१च्या कीटकांवरच्या नाटकावरून त्यांनी सव्होनलिन्ना इथल्या ऑपेरा स्पर्धेसाठी ऑपेरा लिहिला. पहिला क्रमांक दुसऱ्याला गेला, आणि ऑपेरा रंगमंचावर यायला १९९६ उजाडलं. एवढं संगीत कपाटात पडून राहणं आहोंना बघवेना, म्हणून त्यांनी त्यातून सहा भागांची सिंफनी केली. एका भागात फुलपाखरं फॉक्सट्रॉट आणि टँगो नाचतात. हे ऐकून परक्या माणसाला वाटतं, असेल काहीतरी चमत्कृती. पण टँगो हे फिनलंडचं घरगुती दुखणं आहे. सेइनायोकी या गावात १९८५पासून दर उन्हाळ्यात टँगोचा प्रचंड उत्सव भरतो, आणि तिथला टँगो अर्जेंटिनासारखा उसळत नाही, कोमल स्वरांत उसासे टाकतो. त्यामुळे फुलपाखरांना टँगो देणं म्हणजे शनिवारच्या नाचाला जाणाऱ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना पंख लावणं. दुसऱ्या एका भागात मुंग्या आधी कामाचं संगीत वाजवतात आणि मग युद्धाची संचलनगीतं, एक नव्हे, दोन. आणि मध्ये आहे शेणकिड्यांचा भाग: शेणाचा गोळा चोरीला गेल्यामुळे झालेला शोक.

हे शीर्षक छापील कार्यक्रमपत्रिकेत वाचून सभागृहातला सभ्य श्रोता पहिल्यांदा डावीकडे बघतो, मग उजवीकडे. हसावं की नाही? इथे चर्चेची खरी परीक्षा आहे, कारण बर्फ कामाला येत नाही. शेण बर्फात गोठलं तर चोरीला जाणार कसं? चापेकांच्या नाटकात शेणाचा गोळा ही किड्याची आयुष्यभराची पुंजी असते. साठवलेली, लोटत लोटत आणलेली, रात्री उशाशी ठेवावी अशी. ती गेली. आहो त्या किड्याच्या दुःखाची खिल्ली उडवत नाहीत, आणि त्याला भव्य करूनही दाखवत नाहीत. वाद्यवृंद जड पावलांनी, फुगलेल्या गळ्याने रडतो, आणि ते रडणं एकाच वेळी हास्यास्पद आणि खरं वाटतं. पतपेढी बुडाल्यावर शटरसमोर उभ्या राहिलेल्या ठेवीदाराचा चेहरा ज्याने पाहिलाय त्याला हे संगीत समजवायला कुठल्याही कार्यक्रमपत्रिकेची गरज नाही. किडे हे निमित्त. या सिंफनीत काम करणारी, साठवणारी, नाचणारी, लढणारी आणि मरणारी माणसंच आहेत, आणि ती वाजवणारीही.

दुसरा आक्षेप संख्येचा. तीसच्या वर कॉन्चेर्टो, किमान सतरा सिंफन्या, ऑपेरा, शिवाय एकट्या वाद्यासाठी ‘सोलो’ नावाची आकडे घातलेली मालिका. हे संगीत आहे की उत्पादन? एवढं लिहिणाऱ्याचं सगळं चांगलं कसं असेल? नसेलच. काही ठिकाणी लांबण लागते, काही सिंफन्यांत शेवटाकडे जाता जाता दोनदा शेवट होऊन गेल्यासारखं वाटतं आणि श्रोत्याचे टाळीसाठी उचललेले हात अधांतरी राहतात. पण संख्येचा आरोप करताना इतिहास विसरू नये. हायडनच्या सिंफन्या शंभरावर आहेत. व्हिवाल्दीचे कॉन्चेर्टो पाचशेच्या घरात, त्यातले तीसहून जास्त एकट्या बसूनसाठी, आणि एकूणांतले पुष्कळसे व्हेनिसच्या अनाथाश्रमातल्या वाजवणाऱ्या मुलींसाठी. त्या मुली होत्या म्हणून ते संगीत झालं. आहोंचंही तसंच. शॅरन बेझाली यांची बासरी आहे म्हणून बासरीचा कॉन्चेर्टो, मार्टिन फ्रॉस्ट यांची क्लॅरिनेट आहे म्हणून क्लॅरिनेटचा, कॉलिन करी आहेत म्हणून तालवाद्यांचा. वाजवणारा आधी येतो, सूर मागून. आणि बाजाराच्या लोभाने कुणी कॉन्ट्राबसूनसाठी अर्ध्या तासाचा कॉन्चेर्टो लिहितो, हे तर शत्रूही म्हणणार नाही.

तिसरा आक्षेप मराठी श्रोत्याच्या ओठांवर नेहमी तयार असतो: गुणगुणता येत नाही. ही कसोटी लावायची तर सगळ्यांना सारखी लावावी. द्रुत तानेतला सपाटा कोण गुणगुणतो? तबल्याचा रेला न्हाणीघरात म्हणून पाहा. ज्याला आपण वाहवा देतो त्यातला बराचसा भाग आपल्याला गुणगुणता येत नाही, आणि म्हणूनच आपण वाहवा देतो. तरीही आहोंवर हा आरोप निम्माच लागू पडतो. लय त्यांच्याकडे ठसठशीत असते. बोटं नकळत खुर्चीच्या हातावर वाजू लागतात. क्लॅरिनेटच्या कॉन्चेर्टोतला संथ भाग तर इतका सरळ दुःखी आहे, की आधुनिक संगीत म्हणून त्याला नावं ठेवायला आलेल्यांची पंचाईत होते.

शेवटचा आक्षेप जरा टोकदार आहे. संगीताला असं नोकरी, नेमणुका आणि हजेरीपटावर आणून ठेवलं तर त्यातलं गूढ कुठे गेलं? कलेकडून माणसाला काहीतरी पलीकडचं हवं असतं, आस्थापना विभाग नव्हे. मला वाटतं, गूढ जागच्या जागी आहे, फक्त आपण ते चुकीच्या खोलीत शोधतोय. सरोवर गोठतं त्यात गूढ काही नाही. तापमान उतरलं की गोठतं. पण जो माणूस वीस-पंचवीस वर्षं मागच्या रांगेत बसून रिकामे ठेके मोजत आला, त्याच्याकडे अर्धा तास बोलण्यासारखं काही असेल हे दुसऱ्या माणसाला कसं कळलं, ते मात्र मला अजून नीट उलगडलेलं नाही. लाहतीच्या नव्या सभागृहाचं उद्घाटन झालं तेव्हा अकरावी सिंफनी वाजली. अशा सोहळ्याला साधारणपणे तेजस्वी व्हायोलिनवादक बोलावतात. आहोंनी सहा तालवाद्यवाले बोलावले.

तेव्हा ज्यांना ऐकायचं आहे त्यांनी ‘लुओस्तो’पासून सुरुवात करू नये, नाहीतर संध्याकाळ पुन्हा हवामानात जाईल. ट्यूबाच्या कॉन्चेर्टोपासून करावी. चांगले स्पीकर असतील तर उत्तम, आणि भिंती पातळ असतील तर फारच उत्तम. मधली शांतता ओसरून तळाचे सूर सुरू झाले की वरच्या मजल्यावरचे काका खाली येतील. बर्फाबद्दल ते एक अक्षर बोलणार नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न असेल, ‘कोण वाजवतंय हे?’